गवत

दोन महिने नुसते आकडे चाळत होते.
आठ जीबी की बारा,
नवंकोरं की कुणीतरी पिळून काढलेलं,
दोनशे वॅट खाणारं की तीनशे.
बेकरीत गल्ल्यावर बसून
पावाच्या कागदी पिशवीवर बेरजा केल्या.
तीच पिशवी एका गिऱ्हाइकाबरोबर गेली.
परत येऊन म्हणाला, हे सहाशे ऐंशी कसले?
म्हटलं, लारी. माझे. अजून नाहीत.

जुनं कार्ड नऊ वर्षांचं,
रेझोनं जाताना कॅबिनेटसकट माझ्या टेबलावर ठेवलेलं.
"उन्हाळ्यात बाजूचं झाकण काढून ठेव," एवढंच बोलला
आणि पोलंडला गेला, व्रोत्सवाफच्या गोदामात खोकी उचलायला.
रविवारी रात्री दहाला आम्ही भेटतो
ते एका दरीत.
बाकीचे तिथे एकमेकांना मारायला उतरतात.
आम्ही रिकामा नकाशा उघडून
लपाछपी खेळतो. तो चौतीस वर्षांचा, मी एकतीस.

जुन्या कार्डाला फारसं झेपायचं नाही.
सावल्या बंद. पाणी म्हणजे निळी फरशी.
झाडं यायची ती उशिरा आलेल्या पाहुण्यांसारखी,
एकेक, ओशाळून.
आणि गवत तर नाहीच.
रेझो त्याच्या पडद्यावर
कमरेएवढ्या गवतात दडून बसायचा, श्वास रोखून.
माझ्या पडद्यावर तो
उघड्या मातीत पालथा,
शाळेच्या नाटकातल्या मेलेल्या शिपायासारखा.
हे त्याला कधी सांगितलं नाही.
मुद्दाम लांबून वळसा घालायचे,
"कुठेयस रे?" विचारायचे,
आणि त्याच्या पाठीकडे बघत बसायचे.

ओतार मेस्तियाहून उतरला
बटाट्याच्या खोक्यात सहा कार्डं घेऊन.
"गोठ्यात होती. तीन वर्षं रात्रंदिवस गणितं करायची.
पैसे पहिल्या वर्षी आले, मग नाही.
गाईंना मात्र थंडी वाजली नाही."
मी पंखा बोटानं फिरवून पाहिला. कुरकुरला नाही.
"चित्र काढता येतं ना याला?"
"आयुष्यात एकही काढलेलं नाही,"
तो म्हणाला, अगदी खरं बोलावं तसं.
साडेसहाशेला तुटलं, वर दोन गरम पाव.

कॅबिनेटमध्ये जागा सव्वीस सेंटिमीटर, कार्ड अठ्ठावीस.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात;
मी अंथरूण न पाहता पायच विकत आणले होते.
वरच्या मजल्यावरचे अमिरान काका शवपेट्या करतात.
करवत घेऊन आले, वाकून पाहिलं.
"माप चुकलीस? आमच्या धंद्यात हे खपत नाही, पोरी."
हार्ड डिस्कचा पिंजरा कापला त्यांनी,
कडा कानशीनं घासून गुळगुळीत केल्या, सवयीनं.
पॉवर सप्लायही पुरेना.
तो घेतला. बूट पुढच्या हिवाळ्यात.

साफ करताना पत्र्याच्या पात्यांमध्ये
काहीतरी पिवळं अडकलेलं दिसलं.
भुवयांच्या चिमट्यानं ओढलं.
गवताची काडी. सुकी, बोटभर लांब.
कीबोर्डच्या कडेला ठेवली.

रविवार. दहा.
सगळ्या सेटिंग वर सरकवल्या.
आधी ऊन पडलं.
मग नदी वाहायला लागली, मला माहीतच नव्हतं ती वाहते.
आणि मग गवत,
उतारभर, एकेक पातं वेगळं,
वाऱ्यानं एका अंगाला झुकणारं, पुन्हा उठणारं.
किती वेळ मी नुसती उभी होते.

"लपलो," कानात रेझो म्हणाला.
"कुठेयस रे?"
"शोध की."
टेकडी पालथी घातली. नदीकाठ.
मोडक्या चर्चच्या मागे.
गवत हललं की धावायचे, तर तो वारा असायचा.
"आज फारच वेळ लावतेयस," तो म्हणाला.
त्याला आनंद झाला होता, आवाजातून कळत होतं.
"झोप आलीय का?"
"नाही."

यादीत खाली एक ओळ होती: गवत.
तिच्यासमोर एक छोटी चौकट, बरोबरची खूण केलेली.
मी माउस तिथवर नेला.
टेबलाखालून गरम हवा पायांवर येत होती.
"मझिया? आहेस ना?"
आहे, म्हटलं. थांब.
उठू नकोस तिथून.